नोंदणीकृत संस्थेने शासनाकडे धोरणबदल मागितला, तर ते राजकारण ठरते का?

गोदाकाठ

मराठवाड्यातील एका तालुक्यात आमची छोटी संस्था विधवा, परित्यक्ता आणि एकल महिलांबरोबर काम करते. संस्थेची नोंदणी १८६० च्या सोसायट्या नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, अशी नेहमीप्रमाणे दुहेरी आहे. आयकराचे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) मिळालेले आहे, परदेशी निधीची नोंदणी मात्र नाही.

आमचे बरेचसे काम संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरून देण्याचे असते. या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ज्या घरात एक बाई हंगामात चार दिवस कापूस वेचायला जाते, त्या घराचे खरे उत्पन्नही या रकमेत मावत नाही. दाखला खरा मागितला तर बाई अपात्र ठरते, आणि पात्र ठरायचे तर तिने शासनासमोर असत्य लिहून द्यावे लागते. ही मर्यादा वाढवावी, अशी मागणी घेऊन आम्ही जिल्ह्यातील इतर संस्थांसह निवेदन द्यावे, आमदारांना भेटावे आणि गरज पडल्यास तहसील कार्यालयासमोर एक दिवसाचे धरणे धरावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीत मांडला.

त्यावर मोठा वाद झाला. आमच्या खजिनदारांचे म्हणणे असे की हे राजकारण आहे आणि त्यामुळे ८०जी जाऊ शकते. दुसऱ्या एका सदस्यांना वाटते की एका आमदाराला भेटलो, की पक्षाचा शिक्का बसलाच. तिसरे सदस्य जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांना स्वतःच्या नोकरीची काळजी आहे. अर्ज भरून देणे हे धर्मादाय कार्य आणि तो अर्ज ज्या नियमामुळे फेटाळला जातो तो नियम बदलायला सांगणे हे राजकारण, अशी विभागणी कायद्यात खरोखर आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

तिरकस

निवेदन दिल्याने ८०जी जात असते, तर महाराष्ट्रातील निम्म्या संस्था पहिल्याच नागपूर अधिवेशनात बुडाल्या असत्या.

जमाखर्च

गोदाकाठताई, मी सनदी लेखापाल आहे आणि अनेक लहान संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून आयकराच्या बाजूपुरते लिहितो.

आयकर कायद्यातील ‘धर्मादाय उद्देश’ या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण व वारसास्थळांचे जतन आणि शेवटी ‘सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कोणतेही कार्य’ असे प्रकार आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी व्याख्येचा गाभा तोच आहे. तुमचे काम सरळसरळ गरिबांच्या साहाय्यात बसते. आता, या कामाच्या ओघात कायदा किंवा नियम बदलण्याची मागणी केली तर सवलत जाते का, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या खटल्यात दिले आहे. व्यापाऱ्यांच्या त्या संस्थेच्या उद्देशांत, व्यापार-उद्योगावर परिणाम करणाऱ्या कायद्यांचा पुरस्कार करणे किंवा त्यांना विरोध करणे, असे कलम स्पष्ट लिहिलेले होते. हे राजकीय उद्दिष्ट असल्याने सवलत देता येणार नाही, असा आयकर खात्याचा पवित्रा होता. न्यायालयाने सांगितले की हे कलम मुख्य उद्दिष्टाला पूरक आणि आनुषंगिक आहे, तेवढ्यावरून संस्था राजकीय ठरत नाही.

व्यापाऱ्यांच्या चेंबरला जे चालते, ते निराधार महिलांच्या संस्थेला का चालू नये, हे तुमच्या खजिनदारांना अवश्य विचारा.

जुनी_मळवाट

मी थोडे विरोधी मत मांडतो, कारण येथे सगळे एकाच बाजूने बोलतील असे दिसते.

८०जी म्हणजे काय? देणगीदाराला देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि त्या रकमेवरचा कर सरकारी तिजोरीत येत नाही. तो कर तुमच्या-माझ्यासारख्या इतर करदात्यांनी सोडून दिलेला असतो. दवाखान्यासाठी, शाळेसाठी तो सोडायला कोणाची हरकत नसते, कारण त्या कामाबद्दल मतभेद नसतात. परंतु शासनाने कोणते धोरण घ्यावे हा मतभेदाचा विषय आहे. एखादी संस्था दारूबंदी मागेल, दुसरी तिला विरोध करील, एखादी आरक्षणाच्या बाजूने उभी राहील, एखादी विरोधात. या सगळ्यांच्या मतप्रचाराला माझ्या करातून अनुदान का मिळावे? शिवाय आमदाराला पाच वर्षांनी मत मागावे लागते, संस्थेच्या कार्यकारिणीला कोणी निवडून दिलेले असते? ती कोणाच्या वतीने बोलते? संस्थांनी सेवा करावी, धोरण ठरवण्याचे काम निवडून आलेल्यांवर सोडावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पिंपळपार

मळवाट यांचा ‘कोणाच्या वतीने’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आणि त्याचे उत्तरही पुण्यात शोधले गेले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी उभी केलेली ही सभा म्हणजे आजच्या भाषेत धोरणविषयक पैरवी, म्हणजे सरकारपुढे बाजू मांडून पाठपुरावा, करणारी संस्थाच होती. १८७५ मध्ये सभेने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे म्हणून अर्ज धाडला, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली.

सरकारनेही याचे उत्तर दिले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात, टिळकांचे वर्चस्व असताना, सभेच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतील सवलतींची माहिती दिली आणि पीक बुडाले असेल तर सारा भरू नका असे सांगितले. त्यानंतर १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. थोडक्यात, अर्ज-विनंत्या करीपर्यंत सभा चालत होती, शेतकऱ्याला त्याचा हक्क समजावून सांगू लागल्यावर ती चालेनाशी झाली.

तिरकस

पन्नास सह्यांची अट आजच्या संस्थांना लावली, तर अनेक कार्यकारिण्यांना अध्यक्षांच्या नातेवाइकांपलीकडे शोधाशोध करावी लागेल.

वकीलवाडा

पिंपळपार यांनी टिळकांचा उल्लेख केलाच आहे, तर त्याच नावाशी जोडलेला आणखी एक निकाल येथे सांगण्यासारखा आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी लोकमान्य टिळक ज्युबिली नॅशनल ट्रस्ट फंडाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. विश्वस्तपत्रातील उद्दिष्टे राजकीय स्वरूपाची असल्याने न्यायालयाने त्या निधीला धर्मादाय मानले नाही आणि आयकराची सवलत नाकारली. गांधीजींनी १९२५ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारत चरखा संघाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. काँग्रेसशी नाते असूनही, संघाचे खरे काम गरिबांना रोजगार देण्याचे आहे, हे ओळखून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४४ मध्ये त्याला सवलत दिली. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की न्यायालयाची दृष्टी कळते. संस्था कोणाच्या ओळखीची आहे यापेक्षा तिचा पैसा प्रत्यक्षात कशावर खर्च व्हावा असे तिच्या घटनेत लिहिले आहे, हे पाहिले जाते.

गंमत अशी की, १८६० च्या ज्या अधिनियमाखाली गोदाकाठताईंची संस्था नोंदली आहे, त्याच्या कलम २० मध्ये कोणत्या संस्था नोंदवता येतात याची यादी आहे आणि त्यात ‘राजकीय शिक्षणाचा प्रसार’ हे शब्द १९२७ च्या दुरुस्तीने घातलेले आहेत. म्हणजे नोंदणीचा कायदा राजकीय शिक्षणालाही दार उघडे ठेवतो, आयकराचा कायदा मुख्य आणि आनुषंगिक उद्देश यांत फरक करतो, आणि परदेशी निधीचा कायदा अगदी वेगळीच फूटपट्टी लावतो. कार्यकारिणीत भांडण होते ते बहुधा या तीन कायद्यांची सरमिसळ झाल्यामुळे. कोणीतरी परदेशी निधीच्या कायद्याची बातमी वाचतो आणि तिची भीती ८०जी ला लावतो.

मळवाट यांच्या आक्षेपाबद्दल इतकेच म्हणेन की, शासन स्वतःच मते मागवते. केंद्र सरकारच्या ५ फेब्रुवारी २०१४ च्या पूर्वविधायी सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवणे अपेक्षित आहे. मग त्यावर मत कोण देणार? ज्यांच्याकडे फेटाळलेल्या अर्जांचा गठ्ठा आहे त्यांनी गप्प बसावे आणि ज्यांच्याकडे पगारी सल्लागार आहेत त्यांनीच बोलावे, अशी ती व्यवस्था नसावी.

सह्यकडा

वकीलवाडा यांनी ‘वेगळीच फूटपट्टी’ म्हणून सोडून दिले, पण खरा अनुभव तेथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी आदिवासी भागात वनहक्कांवर काम करणाऱ्या एका गटात अनेक वर्षे होतो.

परदेशी अभिदाय विनियमन अधिनियम, म्हणजे आपण ज्याला एफसीआरए म्हणतो तो, मूळचा १९७६ चा, आणीबाणीतला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला आणि १ मे २०११ पासून लागू झाला. उमेदवार, लोकप्रतिनिधी आणि पक्ष यांच्याबरोबरच ‘राजकीय स्वरूपाच्या संघटनांना’ही परदेशी पैसा घेता येत नाही. २०११ च्या नियमांत राजकीय स्वरूप म्हणजे काय हे सांगताना, सार्वजनिक प्रश्नांसाठी सवयीने बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको किंवा जेल भरो करणाऱ्या संघटनाही त्यात ओढल्या होत्या. याविरुद्ध ‘इन्साफ’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने नियम रद्द केला नाही, पण त्याला आवर घातला. सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संघटना केवळ लोकांच्या प्रश्नासाठी अशा मार्गांनी पाठिंबा देते म्हणून तिला परदेशी निधी नाकारता येणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नियमांतही तशी दुरुस्ती झाली. गोदाकाठताईंचे धरणे परदेशी निधीच्या कायद्याखालीसुद्धा आपोआप राजकीय ठरले नसते, आणि त्यांना तर तो कायदा लागूच नाही.

मात्र त्याच २०२० च्या सप्टेंबरमध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने आमच्यासारख्यांचे काम जास्त बदलले. पूर्वी मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेला परदेशी निधी मिळायचा आणि त्यातला वाटा ती तालुक्यातील लहान गटांना द्यायची. लहान गटांनी माहिती गोळा करावी आणि मोठ्या संस्थेने ती मंत्रालयात मांडावी, अशी विभागणी होती. सुधारित कलम ७ नुसार परदेशी निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही, त्या संस्थेची स्वतःची नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि त्या खर्चात भाडे, वाहन, वकिलांची फी, अहवाल लिहिण्याचा खर्च हे सारे धरले जाते. विहीर खणणाऱ्या संस्थेला ही मर्यादा फारशी बोचत नाही. जिचे कामच माणसे, प्रवास आणि कागद यांवर चालते, तिचे मात्र यात कंबरडे मोडते. निधी स्वीकारण्याचे खातेसुद्धा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच हवे. एप्रिल २०२२ मध्ये नोएल हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती जवळपास जशीच्या तशी वैध ठरवली आणि परदेशी देणगी मिळवणे हा मूलभूत हक्क नाही असे स्पष्ट केले.

आमच्या गटाला कोणीही ‘बोलू नका’ असे सांगितले नाही. बोलण्यापूर्वीची माहिती जमवणारे कार्यकर्ते ठेवणे परवडेनासे झाले, एवढेच.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो आणि येथील मंडळाच्या वतीने गावाकडच्या काही संस्थांना मदत पाठवतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

मळवाट यांचा ‘करातून अनुदान का’ हा प्रश्न अमेरिकेत फार जुना आहे आणि तेथे त्याला आकड्यांत उत्तर दिलेले आहे. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास १९५४ पासून पूर्ण बंदी आहे. कायद्यासाठी पैरवी करण्यास मात्र बंदी नाही, ती कामाचा ‘मोठा भाग’ होता कामा नये इतकेच. मोठा भाग म्हणजे किती, यावर घोळ होऊ लागल्याने १९७६ मध्ये संस्थांना पर्याय दिला गेला. तो स्वीकारला तर पहिल्या पाच लाख डॉलर खर्चापैकी २० टक्क्यांपर्यंत रक्कम पैरवीवर खर्च करता येते, पुढे टक्केवारी उतरत जाते आणि एकूण मर्यादा दहा लाख डॉलर आहे. भारतात अशी रेषा आखलेली नाही. मला वाटते, त्यामुळे प्रत्येक खजिनदार आपली रेषा स्वतः आखतो, आणि ती साहजिकच फार अलीकडे आखतो.

दुसरे असे की, गोदाकाठताईंच्या संस्थेला मी वैयक्तिक देणगी देऊ इच्छितो. माझ्याकडे आता अमेरिकन पासपोर्ट आहे, माझ्या धाकट्या भावाकडे अजून भारतीय आहे. काही अडचण येईल का?

जमाखर्च

हडसनकाठ, तुमच्या भावाने भारतीय नागरिक म्हणून स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते परदेशी अभिदाय ठरत नाहीत, मग तो राहायला कोठेही असो. तुम्ही पाठवले तर ठरतात. ओसीआय कार्ड असले तरी तुम्ही परदेशी नागरिक आहात, आणि नोंदणी नसलेल्या संस्थेने तुमचा एक डॉलर घेतला तरी तो कायद्याचा भंग होतो. रक्त, गाव आणि आडनाव एकच असले तरी कायदा पासपोर्ट पाहतो. संस्थेने भावाच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवावी, आणि तुमचे पैसे भावाच्या खात्यातून फिरवून पाठवण्याचा विचार कृपया करू नये.

मास्तर_नांदेडकर

तिसऱ्या सदस्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो, कारण मी तीच नोकरी करून निवृत्त झालो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. राजकीय चळवळीत भाग घेण्यास कर्मचाऱ्याला मनाई आहे आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावरही बंधन आहे. हे बंधन त्या शिक्षकावर आहे, संस्थेवर नाही. त्यांनी धरण्याला बसू नये, निवेदनावर सही करू नये, पत्रकार परिषदेत खुर्चीवर दिसू नये. संस्थेने निवेदन देण्यास त्यांच्यामुळे अडचण येत नाही. ठरावाच्या वेळी ते तटस्थ राहिले अशी इतिवृत्तात नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढे कोणी निनावी तक्रार केली तर कागद हाती राहील. आणि निनावी तक्रार होतेच, गावात एवढा उत्साह नेहमी शिल्लक असतो.

उंबरठा

इतके निकाल वाचून बरे वाटले, पण मला एक गोष्ट खटकते. आपण सगळे ‘कायदा काय म्हणतो’ यावर बोलत आहोत आणि संस्था घाबरतात ते कायद्याला नव्हे, प्रक्रियेला. वर्षानुवर्षे चालत आलेली आयकर नोंदणी २०२१ पासून सगळ्यांना पुन्हा घ्यावी लागली आणि तिला पाच वर्षांची मुदत लागली. आता लहान संस्थांना दहा वर्षांची मुदत देण्याची सोय झाली आहे, हे खरे. पण तरीही ठरावीक काळाने कोणीतरी अधिकारी तुमची फाइल उघडणार, हे माहीत असलेली संस्था मधल्या काळात कोणाच्या डोळ्यांत येऊ इच्छित नाही. आमच्या संस्थेचा विश्वस्तबदल नोंदवण्याचा साधा फेरफार अर्ज एका जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात इतका काळ पडून राहिला, की मंजुरी येईपर्यंत त्यातील दोन विश्वस्त राजीनामा देऊन गेले होते. तेव्हा आम्ही काहीही आंदोलन केलेले नव्हते. पण त्यानंतर ‘उगाच कशाला’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येऊ लागले.

कंपन्यांच्या सीएसआर निधीचेही तसेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. राजकीय पक्षाला दिलेली देणगी त्यात धरली जात नाही, हे योग्यच आहे. परंतु धोरणासाठी पाठपुरावा करणाऱ्या संस्थेला हा पैसा देऊ नका, असे कोठेही लिहिलेले नसताना तो क्वचितच मिळतो. बाके किती दिली, शिलाई यंत्रे किती वाटली, याचे छायाचित्र निघते. उत्पन्नाची मर्यादा २१,००० वरून वाढली तर हजारो बायकांना लाभ होईल, पण त्याचे उद्घाटन कोण करणार?

महाराष्ट्राच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना गेल्या. त्यांपैकी किती नोंदणीकृत संस्थांच्या लेटरहेडवर होत्या आणि किती ‘व्यक्तिशः’ म्हणून, हे कधीतरी पाहायला हवे. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी व्यक्तिशः पाठवल्या.

जुनी_मळवाट

मी सगळे वाचले. चेंबर ऑफ कॉमर्सचा निकाल मला माहीत नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्याने माझा आक्षेप कमी न होता वाढला, कारण व्यापाऱ्यांच्या हितासाठी केलेल्या पैरवीलाही करसवलत मिळते असे दिसते. हडसनकाठ यांनी सांगितलेली टक्केवारीची पद्धत मला जास्त पटते. संस्थेने पैरवीवर किती खर्च केला हे वेगळे दाखवावे, मग ज्याला देणगी द्यायची आहे त्याने ते पाहून द्यावी.

पिंपळपार यांना मात्र एक विचारायचे आहे. सार्वजनिक सभेकडे करसवलत नव्हती, तिचे सभासद स्वतःच्या पैशाने काम करत. आजच्या संस्थांनी तसे का करू नये?

पिंपळपार

करतातही. राजस्थानात १९९० मध्ये सुरू झालेली मजदूर किसान शक्ती संघटना संस्थात्मक निधी न घेता चालते आणि माहिती अधिकाराच्या चळवळीत तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो पाठपुरावा प्रामुख्याने कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या वेळेवर आणि लोकवर्गणीवर चालला होता.

पण प्रत्येक प्रश्न वर्गणीवर सुटत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. त्या प्रयोगाला निधी लागला, संशोधक लागले, वर्षे लागली. तेथे सेवा कोठे संपली आणि धोरण कोठे सुरू झाले, हे मला तरी सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही येणार नाही असे वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेचा सारांश मी कार्यकारिणीत वाचून दाखवला. शिक्षक सदस्यांचा प्रश्न मास्तरांच्या उत्तराने मिटला. खजिनदारांचा अर्धा मिटला. ते म्हणतात की निकाल ठीक आहे, पण आपल्या घटनेत पाठपुराव्याचा शब्दही नाही, आणि उद्या अधिकाऱ्याने विचारले तर मी काय दाखवू? म्हणून उद्देशांमध्ये पुढील कलम घालण्याचा विचार आहे: ‘वरील उद्देशांच्या पूर्ततेसाठी आवश्यक तेथे अभ्यास करणे, माहिती संकलित करणे आणि कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध न ठेवता शासन, लोकप्रतिनिधी व समित्या यांच्यापुढे सूचना व निवेदने मांडणे.’ यात काही दोष आहे का?

वकीलवाडा

कलम चांगले आहे. ‘वरील उद्देशांच्या पूर्ततेसाठी’ हे शब्द कोणत्याही परिस्थितीत काढू नका, कारण आंध्र चेंबरचा सगळा निकाल त्या आनुषंगिकपणावर उभा आहे.

पद्धत मात्र काटेकोर पाळा. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे उद्देशांत बदल करायचा असेल, तर प्रस्ताव सभासदांना आधी लेखी पाठवून विशेष सभा बोलवावी लागते, तीन-पंचमांश मतांनी तो संमत व्हावा लागतो आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच बहुमताने कायम व्हावा लागतो. कार्यकारिणीचा ठराव पुरेसा नाही, येथेच बहुतेक संस्था अडखळतात. त्यानंतर धर्मादाय कार्यालयात नोंद, आणि आयकराच्या नोंदणीचे काम जमाखर्च सांगतीलच.

हेही सांगतो की निवेदन देण्यासाठी या दुरुस्तीची वाट पाहण्याची गरज नाही. गरिबांच्या साहाय्याचे तुमचे आजचे उद्देश त्याला पुरेसे आहेत. दुरुस्ती खजिनदारांच्या समाधानासाठी आहे, आणि खजिनदाराचे समाधान हीही संस्थेची गरज असते.

जमाखर्च

उद्देश बदलले की तीस दिवसांच्या आत आयकर खात्याकडे नव्याने अर्ज करावा लागतो. तो राहून गेला, तर ज्या ८०जी ला वाचवण्यासाठी हे सगळे चालले आहे तीच अडचणीत येईल. म्हणून कलम घालणे खरोखर आवश्यक आहे का, याचा शांतपणे विचार करा. माझा सल्ला असा की यंदा उद्देशांना हात लावू नका. त्याऐवजी मळवाट यांची सूचना अमलात आणा आणि निवेदन, छपाई, मंत्रालयाचा प्रवास यांसाठी खातेवहीत वेगळे शीर्षक उघडा. वर्षाअखेरीस ती रक्कम एकूण खर्चाच्या तुलनेत किती किरकोळ आहे, हे खजिनदारांना स्वतःच्याच आकड्यांत दिसेल. धरण्याच्या मंडपाचे बिल संस्थेच्या नावावर घ्या, पण त्या मंडपात कोणत्याही पक्षाचा फलक लागणार नाही हे आधी ठरवून घ्या.

तिरकस

मंडप पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्याच दुकानातून येणार. तालुक्यात दुसरे मंडपवाले नसतात.

गोदाकाठ

तिरकस, आमच्या तालुक्यात दोन आहेत आणि दोघेही निरनिराळ्या पक्षांचे आहेत, त्यामुळे निम्मा-निम्मा मंडप घेण्याचा प्रस्ताव आला आहे. जमाखर्च यांच्या सल्ल्याप्रमाणे उद्देशदुरुस्ती पुढे ढकलली आहे. ज्या महिलांचे अर्ज केवळ उत्पन्नाच्या अटीमुळे फेटाळले गेले, त्यांची यादी आम्ही इतर संस्थांसह गावनिहाय करत आहोत, आणि निवेदनावर त्या महिलांच्या स्वतःच्या सह्या व अंगठे घेणार आहोत. खजिनदार निवेदनावर सही करायला तयार झाले आहेत. धरण्याच्या दिवशी त्यांना बाहेरगावी जायचे आहे, असे त्यांनी आत्ताच कळवले आहे, आणि धरण्याची तारीख अजून ठरायची आहे.